गाडी गेटवर उभी होती

सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करताना लोक माझ्याकडे बहुतेक कागदांसाठीच येतात. महात्मा फुले योजनेचा फॉर्म, रेशनकार्डावर चुकलेलं नाव, कुणाला घरी जायला एसटीचे पैसे. दारूचं विचारायला आलेला माणूस मात्र लगेच ओळखू येतो. तो आधी भलतंच काही विचारतो, उठून दारापर्यंत जातो आणि तिथून वळून म्हणतो, "मॅडम, ते दारू सोडवायचं कुठं असतं?"

त्या दिवशी हे विचारायला आलेल्या बाईने असा वळसा घेतला नाही. ती थेट खुर्चीत बसली. "आमच्या मालकांना रात्री आणलंय. दीर म्हणतेत, गाडी येणार, घेऊन जाणार. तुमी सांगा, जाऊ द्यावं का?"

गाव बीड जिल्ह्यातलं, घर ऊसतोड्यांचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, दरवर्षी दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन टोळीबरोबर निघायचं. नवऱ्याचं वय चाळिशीच्या आत. सकाळी उठल्यावर हात थरथरू नयेत म्हणून घोट लागायचा, इथपर्यंत दारू गेलेली. आषाढी एकादशीला गावात कीर्तन झालं आणि त्याने महाराजांच्या हातून माळ घातली. सगळ्या गावासमोर. म्हातारी आई आनंदाने रडली म्हणे. दशमीच्या रात्री घेतली ती शेवटची.

एकादशीच्या संध्याकाळी हात कापायला लागले, घाम सुटला. द्वादशीला पहाटे फिट आली. त्रयोदशीच्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, तो हवेतली दोरी ओढायला लागला आणि "मुकादम आला, मुकादम आला" म्हणून घराबाहेर पळाला. चौघांनी धरलं, साडीने हात बांधले आणि छोट्या हत्तीत घालून आणलं.

मी वॉर्डात गेले तेव्हा साडी सुटली होती, पण नजर जागेवर नव्हती. निवासी डॉक्टरांनी झोपेच्या जातीचं औषध शिरेतून सुरू केलं होतं. ग्लुकोजच्या आधी बी-वनचं इंजेक्शन गेलं होतं. दारुड्याच्या अंगात हे जीवनसत्त्व बऱ्याचदा फार कमी असतं आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचा नातेवाईक मोठ्याने सल्ला देत होता, "घोटभर देशी पाजा, आत्ता उतरंल." त्यात नवल काही नाही, कारण तो सल्ला थोडा वेळ लागू पडतोही. दिराच्या खिशात क्वार्टर होतीच. सिस्टरने ती काढून घेतली आणि सगळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतली.

रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाला उलट जोर लावून उभा असतो. बंद दाराला खांदा लावावा आणि पलीकडून कुणी दार एकदम उघडावं, तसं होतं दारू अचानक थांबली की. बहुतेकांचं थरथर, घाम, झोप उडणं यावर भागतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते आणि थोड्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर हा भ्रम होतो. त्यावर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. दारू पिऊन माणूस मरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. सोडल्यानेही मरू शकतो, हे ज्या घराला माहीत असायला हवं नेमकं त्यालाच कुणी सांगत नाही.

म्हातारी वॉर्डाच्या दारात बसली होती. तिने मला हाताला धरून खाली बसवलं. "माय, माळ घातली म्हणून झालं का गं हे? देवाचा कोप हाये का?"

मी म्हटलं, "आजी, माळेने काही झालं नाही. माळ घालायच्या आधी इथे आणलं असतं तर त्याला एवढा त्रास झाला नसता." हे मी तिची समजूत काढायला म्हटलं नाही. आमच्या भागात माळेने दारू सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामागे दर पंधरवड्याची एकादशी असते, संध्याकाळचं भजन असतं, जुन्या मित्रांऐवजी मिळालेली टाळकऱ्यांची संगत असते आणि मोडली तर गावात तोंड दाखवायला लागेल याची लाज असते. एखाद्या समुपदेशकाने कागदावर आखून दिलं असतं तरी याहून फार वेगळं निघालं नसतं. माळेत एकच गोष्ट नसते, ती म्हणजे पहिल्या आठवड्याचं औषध. म्हातारीने पुढे हळूच सांगितलं की मागच्या वर्षी तिने 'न कळत दारू सोडवा' अशी जाहिरात वाचून पावडर मागवली होती आणि भाजीत कालवून घातली होती. भाजी खाऊन वर दारू प्यायल्यावर तो लालबुंद झाला, छाती धडधडायला लागली, मग पावडर बंद केली. पावडरीत काय होतं देव जाणे. दारूशी भांडणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिरम. ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात. कुणाला चोरून ते घालणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

दुपारी दीर माझ्या खोलीत आला. माणूस वाईट नव्हता. भावाला जन्मभर ओढत आलेला, थकलेला. त्याने एका टेम्पोच्या पाठीवरून व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर घेतला होता. महिन्याला पंधरा हजार, किमान तीन महिने, पहिल्या महिन्याचे आधी. "दसऱ्यापर्यंत सुटंल मॅडम, मग टोळी निघंल." हिशोब त्याने नीट घातला होता. पैसे मुकादमाकडून पुढच्या उचलीत धरून घ्यायचे, हेही ठरलं होतं.

मी त्याच्यासमोरच फोन स्पीकरवर टाकून त्या केंद्राला लावला.

"पेशंट कुठाय, सांगा फक्त. आमची चार पोरं येतात, उचलतात."

मी विचारलं, पेशंट राजी पाहिजे की नको?

"राजी कोण असतं, मॅडम?"

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? "सगळं आहे." नंबर सांगता? "ऑफिसात लावलाय." डॉक्टर कोण येतात? "येतात ना." रात्री फिट आली तर? "तसं काही होत नाही." नातेवाइकांना भेटता कधी येतं? "दीड महिना भेट नाही. भेटले की रडतात, घेऊन जातात." या शेवटच्या वाक्यात मला थोडं तथ्यही दिसलं, ते सोडा.

दिराला मी कायदा सोप्या भाषेत सांगितला. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि ड्रग्जच्या व्यसनालाही लागू होतो. व्यसनी माणसाला ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राची नोंदणी लागते. माणूस स्वतःच्या मर्जीने भरती होऊ शकतो. त्याला समजण्याची शुद्ध नसेल तर नातेवाइकाच्या अर्जावर भरती करता येते, पण मानसोपचारतज्ज्ञासकट दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि ती मुदत तीस दिवसांची असते. साखळीने बांधायला तर सरळ बंदी आहे. दिराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमी कुठं ठेवता सांगा." प्रश्न रास्त होता.

मग मी फोनला बसले. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, पैसे पडत नाहीत, जवळच्या केंद्रांची माहिती मिळते. केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात ती केंद्रं मोफत असतात. जवळच्या जिल्ह्यातल्या एकाचा नंबर बंद लागला, दुसऱ्याकडे जागा नव्हती. पुण्याच्या मुक्तांगणचं नाव दिराने स्वतःच घेतलं. 1986 मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. साधारण पस्तीस दिवसांचा कार्यक्रम असतो. एवढं लांब कुणी जायचं, शेळ्या कोण बघणार आणि भेटायला जायचा खर्च कुणी करायचा, यावर ते तिथेच अडलं. दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला होता. दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांतल्या एकालाच कुठलातरी उपचार मिळतो, असं त्यात आहे. आकडा वाचताना वाटतं, लोकांना इच्छा नसेल. फोनला बसलं की दुसरी बाजू कळते.

आणि जी गोष्ट त्या घरातल्या कुणालाच माहीत नव्हती ती अशी, की आमच्याच इमारतीत एक मजला वर मनोविकार विभाग आहे. केस पेपर काढला की तपासणी. आमच्याकडे दारूचा पेशंट भरती करतात, घरी सोडल्यावर ओढ कमी करणाऱ्या गोळ्या देतात, बायकोला बसवून बोलतात. लोक याला व्यसनमुक्ती केंद्र धरत नाहीत, कारण बाहेर तशी पाटी नाही आणि माणूस आत डांबला जात नाही. शोधायला निघालेले लोक डांबण्याची जागा शोधत असतात, हे मला या नोकरीत हळूहळू कळत गेलं. घरच्यांना तीन महिने निवांत झोप हवी असते. त्यात चूक काय? पण तिला उपचार म्हणता येत नाही.

चारच्या सुमारास मी ए. ए.च्या एका सदस्याला फोन केला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना. सुरुवात अमेरिकेतली, 1935 सालची, पण आपल्याकडे 1957 पासून आहे आणि आता तालुक्याच्या गावी शाळेच्या वर्गातही मराठीत सभा भरतात. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. हे गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले चालक. ते मोटारसायकलवरून आले, पेशंट शुद्धीवर नाही हे पाहिलं आणि म्हणाले, "याच्याशी मी परवा बोलतो. भाऊ कुठाय?" जिन्याखाली बसून ते दिराशी बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते मला कळलं नाही.

साडेपाचला गाडी आली. बोलेरो, काळ्या काचा, चार पोरं. एक जण थेट वॉर्डात आला आणि सिस्टरला म्हणाला, "डामा घेऊन टाका." डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट नेण्याला आमच्याकडे सगळे डामा म्हणतात. सही केली की रुग्णालयाची जबाबदारी संपली, असं धरतात. निवासी डॉक्टर चिडून म्हणाले, आज रात्री याला हलवलं तर वाटेत जाईल. पोरगा म्हणाला, "आम्ही रोज नेतो."

कागद बायकोसमोर आला. दीर गप्प उभा होता. गेटवर गाडीचं इंजिन सुरूच होतं. तिने कागद हातात घेतला, वाचता येत नव्हतं, तरी दोन्ही बाजूंनी पाहिला. मग मला विचारलं, "तिथं रातच्याला सुई द्यायला कोण हाये?"

मी म्हटलं, "मला तरी कुणी नाव सांगितलं नाही."

"न्हाई देत मी अंगठा," ती म्हणाली, आणि दिराकडे वळली. "पंधरा हजार फेडायला फडात मीच हाये ना, भाऊजी? का तुमी येताय?"

दिराने त्या पोराला बाजूला नेलं. डिझेलचे म्हणून हजार रुपये मागितले त्यांनी, ते ए. ए.वाल्या काकांनी घासाघीस करून पाचशेवर आणले. एसटीतल्या माणसाला डिझेलचा हिशोब कुणी शिकवायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. त्याचा भ्रम उतरायला त्यानंतरही दोन रात्री लागल्या. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा त्याने गळ्याला हात लावून माळ शोधली. सिस्टरने ती काढून पाकिटात घालून ठेवली होती. मग त्याला वर मनोविकार विभागात हलवलं. काका सांगितल्याप्रमाणे आले आणि नंतरही येत राहिले.

पोळ्याला तो प्यायला. बैलांच्या मिरवणुकीतून थेट. माळ त्याने आधी काढून देवळीत ठेवली होती, असं बायकोने सांगितलं. आजी म्हणाली, सगळं पाण्यात गेलं. मला तसं वाटलं नाही, कारण या खेपेला दुसऱ्याच दिवशी सकाळी तो स्वतः एसटीने आला, फिट यायच्या आत. वर गेला, गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

खरा पेच दसऱ्यानंतर होता. स्थानिक उपचार, स्थानिक उपचार म्हणतो आपण; पण जो माणूस वर्षातले पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर पालात राहतो, त्याचं स्थानिक म्हणजे कुठलं? थकवा मारायला दारू फडातच जास्त चालते. उचल घेतलेली, गैरहजेरी परवडत नाही, ओपीडीच्या वेळेत तर मुळीच नाही. टोळी निघायच्या आधी दोघं माझ्याकडे आले. मानसोपचारतज्ज्ञांनी महिनाभराच्या गोळ्या आणि पुढच्या डॉक्टरसाठी चिठ्ठी दिली. मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर बायकोच्या मोबाइलमध्ये भरून दिला. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, पालातूनही बोलता येतं. काकांनी वाटेवरच्या आणि कारखान्याजवळच्या ए. ए. सभांचे वार काढून दिले. बेळगाव जिल्ह्यात, चिकोडीच्या बाजूला कारखाना होता, म्हणून तिकडच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता मी फोन करून मिळवला आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला.

बायकोने कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. जाता जाता विचारलं, "तिथल्या डॉक्टरला मराठी येतंय का?"

"त्या भागात येतं," मी म्हटलं.

"आन् न्हाई आलं तर?"

तो मध्येच म्हणाला, "दारूला काय भाषा लागतीय? हात कापतेत ते दिसतंच की."