भरपाईच्या दाव्याआधी विचारायचे प्रश्न
अपघातात दुखापत झालेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो भरपाई किती मिळेल हा. माझ्या मते त्याआधी दावा दाखल करण्याची मुदत किती आहे हे विचारायला हवे, कारण ती उलटली की भक्कम पुरावा असलेला दावाही बहुधा ऐकला जात नाही. समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती त्याने पाळली नाही आणि त्यामुळेच इजा झाली, हे सिद्ध करण्याचा भार सामान्यतः दावा करणाऱ्यावर असतो. म्हणून उपचारांची कागदपत्रे, बिले, घटनास्थळाची छायाचित्रे आणि साक्षीदारांची नावे पहिल्या दिवसापासून जपावीत. आपलाही थोडा दोष होता, म्हणजे दावा बुडालाच, असे समजून अनेक जण गप्प बसतात, याचे मला फार वाईट वाटते. पुष्कळ देशांत अशा वेळी दोषाच्या प्रमाणात रक्कम केवळ कमी होते. वकिलाची फी आधीच लेखी ठरवून घ्यावी. भरपाईतला वाटा फी म्हणून घेण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे, तर भारतात वकिलांना तिची मनाई आहे. तडजोडीच्या कागदावर मात्र घाईने सही करू नये. उपचार पुढे लांबले तरी त्याच अपघातासाठी पुन्हा मागणी करण्याचा हक्क त्या सहीने सहसा संपतो.