प्रिंटर खाली, पुतणी वर

आमच्या घरात सगळ्यात जास्त झिजलेली वस्तू कुठली, तर एक लाल पेनड्राइव्ह. जिन्याच्या एकवीस पायऱ्या तो दिवसातून दहा वेळा चढायचा-उतरायचा.

घर सोलापूरच्या साखर पेठेतलं, जुनं. खालचा मजला दगडमातीचा, दोन दोन फुटी भिंती; वरचा मजला नंतर चढवलेला. खाली मी, माझं हिशोबाचं टेबल आणि टेबलाशेजारी लेझर प्रिंटर. मी यंत्रमागवाल्यांची जीएसटीची कामं करते. टॉवेलवाले, चादरवाले, एक-दोन सूतवाले. वर भावजी, जाऊबाई आणि दहावीतली पुतणी. त्यांचा संगणक वर, ब्रॉडबँडचा राउटरही वर. प्रिंटर मात्र घरात एकच, त्याला मागे फक्त यूएसबीचं भोक. वाय-फाय नाही, लॅनचं म्हणजे नेटवर्कच्या वायरीचं भोकही नाही. पण यंत्र दणकट. टोनर भरून आणला की महिनोन्महिने बघायला लागत नाही.

मग व्हायचं काय, पुतणीला प्रॅक्टिकलची पानं हवीत, पेनड्राइव्ह खाली. भावजींना कसलासा अर्ज हवा, पेनड्राइव्ह खाली. मार्चमध्ये एकदा त्या पेनड्राइव्हमधनं व्हायरस आला, सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले आणि तेही नेमकं १९ तारखेला. २० तारीख म्हणजे जीएसटीआर-३बीची, महिन्याच्या जीएसटी विवरणपत्राची, शेवटची तारीख. त्या रात्री मी जाहीर केलं, उद्यापासून वरचा पेनड्राइव्ह माझ्या संगणकाला लागणार नाही.

आमच्या ह्यांनी लगेच तोडगा काढला, "वाय-फायवाला नवा घेऊन टाकू की." चालू असलेलं यंत्र बाजूला ठेवून बारा-पंधरा हजार घालायचे, आणि ते कशासाठी, तर एकवीस पायऱ्यांसाठी! शिवाय त्या दोन फुटी भिंतींतनं वाय-फाय माझ्या टेबलापर्यंत येतंच कुठं? मोबाइलवर एक कांडी दिसते, तीही दारात उभं राहिलं तर. तोवर मी खाली मोबाइलचं नेट लावूनच काम करत होते. म्हटलं, वायरनंच जमवू.

पहिली चूक मीच केली. दहा मीटरची यूएसबी वायर मागवली. मनात हिशोब साधा: प्रिंटर वरच्या संगणकाला जोडायचा असेल तेव्हा ही लांब वायर लावायची. वायर आली, खिडकीतनं वर सोडली, जोडली. वरच्या संगणकानं 'टिंग' केलं, मग 'अननोन डिव्हाइस' म्हणाला आणि गप्प झाला. नंतर वाचलं तेव्हा कळलं की साध्या यूएसबी २.०च्या वायरीची मर्यादाच ५ मीटर आहे. त्यापुढे उत्तर यायला इतका उशीर होतो की संगणक वाट बघणं सोडून देतो. मध्ये सिग्नलला पुन्हा जोर देणारा रिपीटर असलेल्या लांब वायरी मिळतात, पण त्या महाग. आणि वायर काढा-घालायचा उद्योग राहतोच.

दुकानदारानं मग यूएसबीचा स्विच दाखवला. छोटी डबी, एका बाजूला प्रिंटर, दुसऱ्या बाजूला दोन संगणक, वर एक बटण. बटण दाबलं की प्रिंटर ह्याचा, पुन्हा दाबलं की त्याचा. एकाच खोलीत दोन टेबलं असतील तर ह्याच्यासारखं सोपं काही नाही, कुठली सेटिंग नाही, संगणक बंद असला तरी दुसऱ्याचं अडत नाही. पण आमच्याकडे वायर तेवढीच लांब लागणार, आणि वरनं "काकू, बटण दाबा की" अशी हाक येणार. पेनड्राइव्ह काय वाईट होता मग?

राहिली लॅनची वायर. ती १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, आम्हाला अठरा पुरत होती. बेत असा: राउटरच्या मागे चार पिवळी भोकं असतात, त्यातल्या एकातनं वायर खाली माझ्या संगणकाला आणायची. वरचा संगणक राउटरला वायरनंच जोडलेला होता. म्हणजे दोघे एका जाळ्यात आले. प्रिंटर माझ्या संगणकालाच राहणार, आणि माझा संगणक तो वरच्याला वापरू देणार. वर फुकटात फायदा, मला खाली घरचं नेट.

नव्या पेठेत वायर घ्यायला गेले. दुकानातल्या पोरानं विचारलं, "घरातनं का बाहेरनं ओ मॅडम?" म्हटलं बाहेरनं, पावसाच्या पाइपाच्या कडेनं. "मग काळी घ्या. पांढरी घ्याल तर उन्हानं दोन वर्षांत पापडासारखी तुटतंय बघा." सोलापूरचं ऊन माहीत असलेला पोरगा. दोन काळ्या वायरी समोर ठेवल्या, दोन्हींवर कॅट-६ असा लॅनच्या वायरीचा दर्जा लिहिलेला, भावात मीटरमागं दहा-बारा रुपयांचा फरक. मी विचारलं फरक कशाचा. त्यानं ब्लेडनं दोन्हींची एकेक तार खरवडून दाखवली. एक आतपर्यंत तांबडी. दुसरी वरनं तांबडी, आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. स्वस्तातली दोनदा वाकवली की तुटते, म्हणाला. मी तांब्याची घेतली, वीस मीटर.

केबल टीव्हीवाला मुलगा ओळखीचा, तो वायर टाकायला आला. पाइपाला क्लिपा मारत खाली आणली, माझ्या खिडकीच्या चौकटीत भोक पाडलं. भोकात घालायच्या आधी वायरीला खाली एक झोळ दिला, वीतभर. "पाऊस आला की पाणी वायरीवरनं वाहत येतंय, हितं झोळात टपकतंय, आत येत नाही." मला हे सुचलं नसतं. वरच्या टोकाला त्यानं प्लग बसवला, खालच्या टोकालाही बसवला आणि टेस्टर लावला. टेस्टर म्हणजे दोन डब्या, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला, दोन्हींवर एक ते आठ दिवे ओळीनं लुकलुकतात. एक, दोन... चार, पाच. तीन नंबर पेटेना. तेवढ्यात त्याला फोन आला, जुळे सोलापुरात कुणाची तरी केबल बंद. "संध्याकाळी येतो वैनी," म्हणत हत्यारं आणि टेस्टर तिथंच टाकून तो गेला.

सासरे, आमचे अण्णा, इतका वेळ खुर्चीत बसून बघत होते. वय पंच्याहत्तर. उभं आयुष्य वहीफणीच्या कामात गेलं. ज्यांनी मागाचं काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: बीमावरचा, म्हणजे मागाच्या मोठ्या रुळावरचा, ताण्याचा (उभा) एकेक धागा ठरलेल्या क्रमानं आधी वहीतनं, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या डोळ्यांतनं, आणि मग फणीतनं ओढून घ्यायचा, हे काम. एक धागा चुकला की कापडभर रेघ पडते.

"बघू इकडं," म्हणाले.

मी मोबाइलवर रंगांचा क्रम काढून दिला. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. अण्णांनी आधी जुना प्लग कापून टाकला. वरची काळी साल बोटभर सोलली. आत चार जोड्या, पीळ दिलेल्या. पीळ उलटे सोडवून प्रत्येक तार अंगठ्याखाली दोनदा ओढली; सरळ झाली. मग आठही तारा डाव्या चिमटीत शेजारी शेजारी अशा बसवल्या की मला वाटलं पट्टीच आहे. तिथं थांबले.

"ह्या हिरव्याची जोडी का फोडलीय? मध्ये निळी कशाला घातली?"

मला नव्हतं माहीत. शोधून वाचून दाखवलं. मधल्या चार आणि पाच नंबरच्या जागा टेलिफोनच्या जोडीसाठी आधीपासून ठरलेल्या, म्हणून हिरवीला त्या जोडीच्या दोन्ही अंगांना, तीनवर आणि सहावर बसावं लागलं. अण्णांनी मान हलवली. "म्हणजे जुन्या मालकाची जागा सोडून बसलीय." साध्या १०० एमबीच्या जोडणीत एक, दोन, तीन आणि सहा एवढ्याच तारा कामाला येतात, हेही तिथंच वाचलं. म्हणजे केबलवाल्या पोराचा नेमका कामाचाच धागा सुटला होता.

अण्णांनी तारांची टोकं एका रेषेत कापली, प्लग सरकवला, चष्मा कपाळावर चढवून प्लगच्या नाकात डोकावून बघितलं, आठही टोकं भिंतीला टेकलीत ना. मग पक्कड दाबली. टेस्टरवर एक ते आठ. पुन्हा एक ते आठ. ते काही बोलले नाहीत, फक्त तिसऱ्या फेरीपर्यंत बघत बसले. संध्याकाळी केबलवाला आला तेव्हा मात्र त्याला म्हणाले, "काय बे, घाई करतोस."

एवढं झाल्यावर मला वाटलं काम संपलं. खरा घाम पुढे होता.

माझ्या संगणकावर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगच्या पानावर टिक केली, नाव दिलं छोटं, मध्ये जागा न सोडता. वर जाऊन नेटवर्कमध्ये बघते तर माझा संगणकच दिसेना. कारण मी पहिल्यांदा वायर लावली तेव्हा विंडोजनं तिला 'पब्लिक' नेटवर्क धरलं होतं, म्हणजे स्टँडवर बसल्यासारखं, कुणाशी बोलायचं नाही. ते दोन्हींकडे 'प्रायव्हेट' केलं, नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल-प्रिंटर शेअरिंग चालू केलं. दिसला. आता पासवर्ड मागितला. इथं बरेच जण पासवर्डची अटच काढून टाका म्हणतात. मी माझ्या संगणकावर फक्त छपाईसाठी वेगळा युजर काढला, त्याला पासवर्ड दिला आणि तो वरच्या संगणकात एकदाच साठवून ठेवला. पाच मिनिटांचं काम.

मग आला तो एरर. ०एक्स०००००११बी. ज्यांनी दोन विंडोजमध्ये प्रिंटर वाटलाय त्यांना हा आकडा पाठ असेल.

मोबाइलवर शोधलं तर ज्याच्या त्याच्याकडे एकच औषध: ज्या संगणकाला प्रिंटर जोडलाय त्याच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या यादीत, एक नोंद घाला, तिची किंमत शून्य ठेवा, झालं. भावजी म्हणाले, "वहिनी, करून टाका की, सगळेच करतात." मी विचारलं, त्यानं नक्की काय होतं? वाचत गेले. २०२१मध्ये छपाईच्या सेवेतली एक पळवाट बुजवायला विंडोजनं दोन टप्प्यांत बदल केला. जानेवारीतल्या अपडेटनं संगणकांना जास्त सुरक्षित बोलणं शिकवलं आणि सप्टेंबरच्या अपडेटनं ते सक्तीचं केलं. माझा संगणक अपडेट झालेला, तो सक्ती करत होता. वरच्याला ती भाषाच येत नव्हती. ती शून्याची नोंद म्हणजे माझ्या बाजूची सक्ती काढून टाकणं. माझ्या संगणकावर पंचवीसेक गिऱ्हाइकांची बिलं, पॅन, बँकेची स्टेटमेंटं. प्रॅक्टिकलच्या पानांसाठी ते दार मी उघडं टाकणार नव्हते.

"भावजी, वरचा शेवटचा अपडेट कधी झाला?"

ते जरा घुटमळले. लॉकडाऊनमध्ये मोबाइलच्या नेटवर पोरीची शाळा चालायची, अपडेट सगळा डेटा खायचा, म्हणून त्यांनी २०२०मध्ये तो बंद केला होता. परत चालू करायचं राहून गेलं. रोग सापडला. रात्री जेवणं झाल्यावर अपडेट लावले, सकाळी अजून चालूच. दुसरी रात्रही त्यातच गेली. तिसऱ्या दिवशी वर जाऊन दोन उलट्या रेघा, माझ्या संगणकाचं नाव, प्रिंटरचं नाव एवढं टाकलं. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, आपोआप आला. टेस्ट पेजचं बटण दाबलं आणि आम्ही वर कान लावून उभे. खालनं अण्णांचा आवाज आला, "आलं ओ कागद!"

सगळा खर्च साडेआठशेच्या आत. फसलेली यूएसबी वायर त्यात धरलेली नाही. ती मी कुणाला दाखवतही नाही.

तोटे आहेत. माझा संगणक चालू नसेल तर वरनं छापता येत नाही, त्यामुळे दिवसा त्याचं झोपणं बंद करून ठेवलंय, फक्त स्क्रीन विझते. नेट गेलं तरी छपाई चालते, कारण सगळं घरातल्या घरात आहे. पण राउटरचीच लाइट गेली की संपलं, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घेतला. मे महिन्यात वळवाचा पाऊस गडगडायला लागला की मी पळत जाऊन लॅनचा प्लग काढते आणि वर ओरडते, तुमचाही काढा. बाहेरनं गेलेल्या तारेतनं वीज काय करेल सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. पेनड्राइव्ह होता तेव्हा प्रत्येक पान माझ्या डोळ्यांखालनं जायचं. आता कधीही, काहीही येतं. परवा २० तारखेला, संध्याकाळी सहाला, मी एका टॉवेलवाल्याचं चलान छापायला दिलं. प्रिंटर घरघरायला लागला आणि बाहेर आला ऱ्हायझोबियम जिवाणूंचा फोटो. मग अजून एक. रांग उघडून बघितली, वरनं सव्वीस पानांचा प्रकल्प आलेला, माझं एक पान त्याच्या मागे. टॉवेलवाला समोर खुर्चीत, घड्याळाकडे बघतोय. मी तिच्या कामावर उजवं क्लिक करून 'पॉज' केलं आणि माझं पान पुढे काढलं.

वरनं लगेच हाक आली, "काकू, प्रिंटर बंद पडला का?"

"नाही गं," मी म्हटलं, "रांगेत उभी राहा."