११२ पावत्या

बेळगावहून खानापूर जेमतेम २६ किलोमीटरवर असले, तरी जुलैमध्ये तिथला पाऊस वेगळाच असतो. मलप्रभा त्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पावसाळ्यात तिथे करंट एकदा गेला, की कधी येईल याचा भरवसा नसतो. गेल्या वर्षी अशाच दिवसांत तिथल्या एका पतसंस्थेत मी दोन संगणकांची जोडणी करत होतो. संस्थेने हिशेबाच्या कामासाठी नवा संगणक घेतला होता, पण त्यातली डिस्क लहान होती. जुन्या सर्व्हरमध्ये मात्र २ टीबीच्या दोन डिस्क आरशासारख्या जोडलेल्या होत्या, म्हणजे एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटत असे. नव्या खर्चाला संचालक मंडळाची मंजुरी मिळण्यासारखी नव्हती. म्हणून डेटाबेस नव्या संगणकावर चालवायचा आणि त्याची माहिती केबलमार्गे जुन्या सर्व्हरच्या डिस्कवर ठेवायची, असे ठरले.

यासाठी मी लिनक्समधील नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे एनबीडी, निवडले. पावेल माखेक यांनी १९९७ मध्ये लिहिलेली ही सोय अगदी साधी आहे. फाइल शेअर केल्यावर दुसऱ्या संगणकाला फोल्डर आणि फाइली दिसतात; इथे त्याला अख्खी कोरी डिस्क दिसते. अमुक ठिकाणचे ४०९६ बाइट वाच, तमुक ठिकाणी लिही, एवढेच निरोप केबलवरून जातात आणि फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची रचना, कशी मांडायची हे निरोप पाठवणारा संगणक ठरवतो. त्यामुळे तीच डिस्क एकाच वेळी दोन संगणकांवर नेहमीच्या पद्धतीने माउंट करणे (वापरासाठी उघडणे) म्हणजे एका वहीत दोघांनी एकमेकांकडे न बघता लिहिणे होय, आणि त्यात वहीची वाट लागते. ही गोष्ट मी कार्यालयातील सर्वांना आधीच बजावून सांगितली होती.

दोन्ही यंत्रांमध्ये स्वतंत्र केबल टाकली, जेणेकरून १०८०९ या पोर्टवरची ही वाहतूक कार्यालयाच्या इतर नेटवर्कवर जाणारच नाही. सुरुवातीला सेकंदाला ११ एमबीच मिळत होते. गिगाबिटसाठी केबलच्या चारही जोड्या लागतात आणि एक जोडी कनेक्टरमध्ये नीट बसली नसल्यामुळे जोडणी १०० मेगाबिटवर घसरली होती. कनेक्टर नवा बसवल्यावर ११० च्या पुढे गेलो.

नंतर मी खरी चाचणी घेतली. डेटाबेस प्रत्येक व्यवहारानंतर डिस्कला विचारतो, की हे कायमचे लिहिले गेले का, आणि होकार आल्यावरच पावती पक्की धरतो. असे छोटे व्यवहार सेकंदाला किती होतात ते मोजले, तर आकडा दोन हजारांच्या आसपास आला. मला फार आनंद झाला. तो आकडा मी वहीत लिहिला आणि त्याखाली रेघही मारली.

दुपारी प्लग काढून बघण्याची चाचणी होती. संस्थेचे पिग्मी एजंट दिवसभर दुकानोदुकानी फिरून पैसे गोळा करतात आणि संध्याकाळी त्यांच्या हातातील यंत्रातल्या सगळ्या पावत्या एकदम संगणकात घेतल्या जातात. मी सरावासाठी केलेल्या डेटाबेसच्या प्रतीत एका जुन्या दिवसाच्या ११२ पावत्या घेतल्या आणि पडद्यावर 'जमा' अशी अक्षरे उमटताच नव्या संगणकाचा प्लग काढला. पुन्हा सुरू केल्यावर ११२ च्या ११२ जागेवर होत्या. तीन वेळा केले, तिन्ही वेळा तेच.

कॅशियर काका शेजारी उभे राहून सगळे बघत होते. त्यांची नोकरी पाच महिन्यांत संपणार होती. ते म्हणाले, "सर, नवा तेवढा बंद करून बघितलासा. जुना कधी बघणार ओ?"

दोन्ही यंत्रे एकाच यूपीएसवर आहेत आणि जुन्या सर्व्हरवर डेटाबेस चालतच नाही, असे मी त्यांना सांगितले. "यूपीएसची बॅटरी हाय की जुनी," ते म्हणाले. "गेल्या श्रावणात दहा मिनिटंबी धरली नाही बघा."

पावत्या पुन्हा घेतल्या. 'जमा' दिसल्यावर मनात दहा आकडे मोजून मी जुन्या सर्व्हरचा प्लग ओढला. नव्या संगणकावर चुकांचे निरोप येऊ लागले आणि डेटाबेस थांबला. इथवर अपेक्षेप्रमाणेच होते. सर्व्हर सुरू करून डिस्क पुन्हा जोडली, फाइल सिस्टीम तपासली, डेटाबेसही कुरकूर न करता उठला. पावत्या शोधल्या, तर त्यातली एकही नव्हती. काकांच्या हातात ११२ पावत्यांची छापील यादी होती, आणि डेटाबेसच्या मते त्या दिवशी कोणी एक रुपयाही भरलेला नव्हता.

सराव होता म्हणून निभावले. खऱ्या दिवशी हे झाले असते, तर चहाच्या टपरीवाल्यापासून भाजीवालीपर्यंत ११२ जणांच्या हाती पावती राहिली असती आणि खात्यावर पैसे नसते. त्या विचाराने माझे हात खरोखर गार पडले.

कारण शोधायला तासभर लागला. नव्या संगणकावर या डिस्कच्या माहितीत राइट कॅश नावाची एक ओळीची फाइल असते. तिच्यात 'राइट थ्रू' असे लिहिलेले होते. याचा अर्थ, ही डिस्क होकार देते तेव्हा लिहून झालेलेच असते, अशी नव्या संगणकाची समजूत होती. त्यामुळे 'आता खरोखर डिस्कवर उतरव' हा निरोप, ज्याला फ्लश म्हणतात, तो पाठवतच नव्हता. प्रत्यक्षात सर्व्हर मजकूर आपल्या मेमरीत घेऊन लगेच होकार देत होता. लिनक्स नेहमीच्या मांडणीत असा मजकूर ३० सेकंदांपर्यंत मेमरीत राहू देते. मी दहाव्या सेकंदाला प्लग ओढला होता. नव्या संगणकाचा प्लग काढल्यावर मात्र सर्व्हरची मेमरी शाबूत राहत होती, म्हणून आधीच्या तिन्ही चाचण्या उत्तम पार पडल्या होत्या.

चूक माझीच होती. सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये फ्लशचा पर्याय चालू करायचा असतो, तो मी केला नव्हता. आणि दोन हजारांचा तो आकडा सकाळपासून माझ्यासमोर होता. त्या डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. एकामागून एक येणारा प्रत्येक व्यवहार खरोखर तबकडीवर उतरत असेल, तर त्याला साधारण एक फेरा तरी लागतो. १२० फेऱ्यांत दोन हजार व्यवहार बसणे शक्यच नव्हते.

पर्याय चालू करून डिस्क पुन्हा जोडल्यावर त्या फाइलमध्ये 'राइट बॅक' आले. नाव ऐकायला धोक्याचे वाटते, पण इथे तेच हवे होते, कारण आता मजकूर मध्येच कुठेतरी थांबतो हे नव्या संगणकाला माहीत झाले आणि तो प्रत्येक वेळी फ्लश मागू लागला. वेग चाळीसच्या आतबाहेर आला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जमा होणाऱ्या पावत्यांना आता तीन सेकंद लागणार होते.

"तीन सेकंद थांबत्यात की एजंट," काका म्हणाले.

जुन्या सर्व्हरचा प्लग आम्ही आणखी पाच वेळा काढला. चार वेळा 'जमा' उमटताक्षणी, आणि एकदा पावत्या आत जात असतानाच. त्या वेळी पडद्यावर ६३ पर्यंत आकडा आला होता आणि यंत्र सुरू केल्यावर डेटाबेसमध्येही ६३ पावत्याच सापडल्या. पाचव्या वेळी प्लग काकांनी स्वतः ओढला, आणि यादीतील प्रत्येक नावावर पेन्सिलीने बरोबरची खूण करत ते शेवटच्या पावतीपर्यंत गेले. वहीतील दोन हजारांवर मी काट मारली आणि शेजारी नवा आकडा तारखेसह लिहिला. बाहेर पडलो तेव्हा बेळगावची शेवटून दुसरी बस निघून गेली होती.