आमची वाटचाल: पॉइंट घासण्यापासून स्कॅनरपर्यंत

वडिलांनी नाशकात द्वारका चौकाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं तेव्हा दारात पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि महिंद्राच्या जीप असायच्या. गाडी मिसिंग करते म्हटलं की ते आधी प्लग काढून बघत. टोकाला काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं पडलं असेल तर कमी. प्लग बदामी निघाला तर डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाचं, झाकण उघडायचं, आतले पॉइंट घासायचे, फिलर गेजच्या पातळ पट्टीने त्यांच्यातला गॅप लावायचा. दोष डोळ्यांना दिसायचा, गिऱ्हाइकालाही दाखवता यायचा.

१९८३च्या अखेरीस मारुती ८०० आली. कार्बोरेटर होताच, त्यामुळे इंजिनाचं फारसं अडलं नाही. पुढची चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे फाटके बूट, म्हणजे रबरी टोप्या, आणि वळताना येणारा कटकट आवाज मात्र नव्याने शिकावा लागला.

खरा बदल २०००च्या आसपास झाला. प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवू लागला. पुढे डिझेलमध्ये कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी, आली. सातपूरच्या मायको (आताची बॉश) कारखान्यामुळे पंप-नोझलची जाण असलेले कारागीर नाशकात भरपूर. इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून कुठला सिलिंडर मिसिंग आहे ते ओळखायची जुनी पद्धत. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. चालू इंजिनावर नट सैल केला तर धार कातडी भेदून आत शिरते. आमच्याकडे नव्या मुलाच्या हाती पाना देण्याआधी हे सांगितलं जातं.

आता आधी स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लागतो. पण स्कॅनर पार्ट सांगत नाही. पी०१७१ कोड आला म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढंच. पुष्कळ ठिकाणी लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात. आम्ही आधी इनटेकचे होज बघतो, व्हॅक्यूमची गळती शोधतो, फ्युएल प्रेशर मोजतो. कित्येकदा चिरलेला रबरी पाइप निघतो. पाइप स्वस्त, शोधण्यात मात्र अर्धा दिवस जातो. म्हणून तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो आणि तसं आधीच सांगतो. "दादा, नुसतं बघायचे पैसे?" असं विचारणाऱ्याच्या हातात तो पाइप ठेवतो.

बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे. फक्त शहरात कॉलेज रोड-गंगापूर रोड फिरणाऱ्या गाडीत साठलेली काजळी जळत नाही आणि दिवा लागतो. फिल्टरच्या खर्चात पडण्याआधी मुंबई-आग्रा हायवेवर अर्धा तास एका लयीत गाडी चालवून बघा. इंजिनाची ताकदच कमी झाली असेल, तर मात्र पळवू नका, थेट घेऊन या.