बशीत ठेवलेला चमचा

रविवार, रात्री.

तोंडातून एकदा निघालेले कौतुक परत घेता येते का, हा प्रश्न दुपारपासून डोक्यातून जात नाही. माईंनी केकचा दुसरा तुकडा मागून घेतला होता आणि प्लम छान मुरले आहेत असे आपण होऊन म्हटले होते. ते परसातले टोमॅटो आहेत असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी चमचा बशीत ठेवला आणि "अगं, मग सार का नाही केलंस?" असे विचारले. वन्सं हसल्या. ह्यांनी क्रिकेटचा विषय काढला. त्याबद्दल आज लिहायचे नाही.

ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत टोमॅटो इतके येतात की शेजारीपाजारी ते एकमेकांच्या दारात ठेवून जातात. आमच्या वाफ्यात रटगर्स जातीची रोपे आहेत. ही जात इथल्याच विद्यापीठाने 1934 साली डबाबंद करणाऱ्या कारखान्यांसाठी काढली, पण वेलीवर पूर्ण पिकू दिली तर तिला जो वास येतो तो डब्यात कधीच सापडायचा नाही. थंडाव्याने तो वास मरतो, म्हणून मी फळे फ्रिजमध्ये न ठेवता खिडकीत ठेवली. मग त्यांचे जाड काप करून अंगठ्याने बिया आणि पाणी काढले, कारण टोमॅटो जवळजवळ सगळा पाण्याचाच असतो आणि ते पाणी केकचा लगदा करते. मंद ओव्हनमध्ये कापांच्या कडा सुरकुतून गडद होईपर्यंत मी थांबले. साखर आणि लोण्याच्या तांबूस पाकावर ते पसरून वर रवा, दही आणि वेलचीचे मिश्रण ओतले. भाजून झाल्यावर भांडे ताटात पालथे केले, तेव्हा एकही काप तळाला चिकटून राहिला नाही आणि पाक कडेने हळूहळू ओघळला. सकाळ सगळी त्यात गेली, आणि कौतुक टिकले ते एका नावापुरते.

खरे तर जिभेने निर्णय दिलाच होता. मग नाव कळल्याबरोबर तो फिरला कसा? ज्या घरात लाल भोपळ्याचे घारगे आणि दुधीहलवा आवडीने खातात, ज्या माईंच्या माहेरी जून काकडीचे धोंडस खाली-वर निखारे ठेवून भाजत असत आणि त्याची आठवण त्या आजही काढतात, त्यांनी टोमॅटोलाच पंक्तीतून उठवावे, हे मला फार लागले. कदाचित माझ्याच हातचे असल्यामुळेही असेल. ते असो.

मात्र माईंच्या बाजूने अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय उभे आहे, हे मान्य करावे लागते. 1883 च्या कायद्याने आयात भाज्यांवर दहा टक्के जकात होती आणि फळांना माफी होती, म्हणून न्यूयॉर्कच्या निक्स नावाच्या व्यापाऱ्यांनी टोमॅटो हे फळ असल्याचा दावा लावला. 1893 साली न्यायमूर्तींनी सांगितले की वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, लोक टोमॅटो जेवणात सूप, मासे, मांस यांच्याबरोबर किंवा त्यांच्यानंतर वाढतात, फळांसारखा शेवटच्या गोड पदार्थात नाही. सबब ती भाजीच. नेमका तोच निकाल माईंनी काही न वाचता, चमच्याच्या एका आवाजात दिला, आणि त्यावर अपील कुठे करायचे ते मला ठाऊक नाही.

साराचे टोमॅटो मी बाजूला काढून ठेवले आहेत. माईंच्या साराला गुळाचा मोठा खडा लागतो. म्हणजे गोड टोमॅटो त्यांना वर्ज्य नाही, तो भाताबरोबर वाटीतून आला पाहिजे इतकेच. उरलेल्यांचा केकच होईल. त्यांना मी प्लम म्हणणार नाही, पण कोणी विचारल्याशिवाय आपण होऊन सांगणारही नाही, आणि विचारलेच तर दुसरा तुकडा संपेपर्यंत माझ्या तोंडात घास असेल.