संत्र्यामागची माणसं

आज गुलटेकडीला मार्केट यार्डात आंबिया बहराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या हंगामाची) संत्री बघत बराच वेळ रेंगाळलो. एका गाळ्यावर अमरावतीकडचे एक बागायतदार काका भेटले. त्यांनी फळ उचलून देठापाशी अंगठा दाबला, साल अलगद सुटली. "खाणाऱ्याला हेच आवडतं, पण लांबच्या प्रवासात फळ दबतं ते यामुळंच. वर बिया!"

मग विषय निघाला डिंक्याचा, म्हणजे झाडाच्या बुंध्यातून डिंक गळायला लावणाऱ्या बुरशीजन्य रोगाचा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रोगमुक्त कलमं, ज्यांवर संत्र्याचं कलम बांधतात ते जंबेरी आणि रंगपूर लाइमचे खुंट यांवर वर्षानुवर्षं काम करताहेत. कलमाचा जोड मातीपासून वीतभर वर ठेवा, बुंध्याला पाणी लागू देऊ नका, मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. सल्ला साधा वाटतो, पण त्यानं अख्ख्या बागा वाचतात. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण आपली संत्री घेणाऱ्या बांगलादेशानं त्यांवरचं आयात शुल्क २०१९ ते २०२३ या काळात चौपटीहून जास्त वाढवलं, तिथं शास्त्रज्ञ काय करणार? व्यापाराच्या वाटाघाटी जाणणारी माणसंही शेतकऱ्याच्या बाजूनं तितक्याच ताकदीनं उभी राहायला हवीत. काका आता बिनबियांच्या वाणाची रोपं शोधताहेत. लावली तरी पीक हाती यायला चार-पाच वर्षं जाणारच.