टॅक्स वाचत नसेल तर पीपीएफ बंद करू का?

भुसावळात लोकांचे रिटर्न भरून देतो, त्यामुळे हा प्रश्न हल्ली रोजचाच झालाय. रेल्वेवाले विचारतात, दीपनगर वीज केंद्राचे विचारतात, झेडपीचे गुरुजी तर हमखास. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

प्रश्न उगाच आलेला नाही. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर तसं कळवावं लागतं. पीपीएफ म्हणजे पोस्टात किंवा बँकेत उघडायचं लांब मुदतीचं सरकारी बचत खातं. त्यात भरलेल्या पैशांवर मिळणारी, ८०सी म्हणून ओळखली जाणारी दीड लाखाची वजावट नव्यात नाही, स्वतः एनपीएस या पेन्शन योजनेत भरलेल्या जादा ५० हजारांचीही नाही.

वर्षाला ११ लाख पगार असलेल्या एका गुरुजींना हिशेबच मांडून दाखवला. जुन्या प्रणालीत ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांची सरसकट वजावट), दीड लाख ८०सी आणि एनपीएसचे ५० हजार वजा केले, तर उरतात साडेआठ लाख. त्यावर सेससकट कर ८५,८०० रुपये. नव्यात स्टँडर्ड डिडक्शनचे ७५ हजार वजा जाऊन उत्पन्न १२ लाखांच्या आत येतं, म्हणून २०२५-२६ पासून कर शून्य. गुंतवणूक करा, न करा. गुरुजी खूश. "मग पीपीएफ कशाला भरू, भाऊ?"

इथं मात्र माझं डोकं फिरतं. अहो, पैसे भरतानाची सवलत गेली, काढतानाची कुठं गेली? पीपीएफचं व्याज आणि मुदतीनंतर हातात येणारी रक्कम दोन्ही प्रणालींत करमुक्तच आहे. एफडीचं व्याज मात्र दरवर्षी उत्पन्नात धरलं जातं. वर्षाचे पैसे एकदम भरणार असाल तर ५ एप्रिलच्या आत भरा. व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मोजतात. सहा तारखेला भरलं की तो महिना बुडाला. मार्चच्या ३१ तारखेला काउंटरवर गर्दी करणाऱ्यांनी तर बहुतेक वर्षाचं व्याज घालवलेलं असतं.

एनपीएसचं गणित वेगळं. मालकाचा वाटा नव्या प्रणालीतही वजा होतो, बेसिक आणि डीएच्या १४ टक्क्यांपर्यंत. खासगी नोकरीवाल्यांना ही मर्यादा २०२४ च्या अर्थसंकल्पापासून मिळाली. एमआयडीसीतल्या पोरांनी कंपनीत हे विचारायला हवं, पण विचारत नाहीत. साठीला ६० टक्के रक्कम करमुक्त हाती येते. अ‍ॅन्युइटीतून (विमा कंपनीकडून घेतलेल्या पेन्शन योजनेतून) मिळणारी पेन्शन मात्र करपात्र, हे एजंट हळू आवाजात सांगतात.

आता रावेर-यावलकडचे केळीवाले. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, मग वजावट कशातून घेणार? म्हणून ते गाडी काढतात आणि जळगावला सोनं घेतात. घ्या, खानदेशात सोन्याला नाही म्हणणारा मी कोण! पण सोनं दोन वर्षांनंतर विकलं तरी नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, तोळ्यामागे मजुरी गेली ती वेगळीच. पीपीएफला यातलं काही नाही, आणि वादळात बाग आडवी झाली त्या वर्षी ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं.